लखनौचे कथक आणि पुण्याच्या रोहिणीताई

इतिहासाच्या पुस्तकांत चिनहटचे नाव येते ते ३० जून १८५७ च्या लढाईमुळे. येथे सर हेन्री लॉरेन्स यांच्या फौजेला माघार घ्यावी लागली आणि पाठोपाठ रेसिडेन्सीला वेढा पडला. त्याच्या आदल्याच वर्षी नवाब वाजिद अली शाह यांचे राज्य गेले होते. राजाश्रय सरला, परंतु दरबारचे कथक बिंदादीन व कालकाप्रसाद या बंधूंच्या घरात तगून राहिले.

ही विद्या एका घराण्याची. ती मराठी घरात कशी रुजली, हे आपल्यासारख्या लखनौवासी मराठी मंडळींनी अवश्य जाणून घ्यावे. पंडित भातखंडे यांनी १९२६ साली येथे संगीत महाविद्यालय काढले, हे सर्वश्रुतच आहे. याच संस्थेत पुढे मोहनराव कल्याणपूरकर कथक शिकवीत असत. जयपूर आणि लखनौ या दोन्ही घराण्यांची तालीम त्यांना लाभली होती.

रोहिणी भाटे यांचा जन्म १९२४ चा, पाटण्याचा. शिक्षण मात्र पुण्यास झाले. फर्ग्युसन महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या आणि १९४७ साली त्यांनी पुण्यात 'नृत्यभारती' स्थापन केली. कुलीन घरातील मुलीने पायांत घुंगरू बांधावेत, हे त्या काळच्या मध्यमवर्गास सहजासहजी रुचणारे नव्हते. (आजही कित्येकांस ते स्नेहसंमेलनापुरतेच रुचते!) कालकाप्रसादांचे चिरंजीव लच्छू महाराज तेव्हा मुंबईच्या चित्रपटसृष्टीत होते. त्यांच्याकडे बारा वर्षांहून अधिक आणि मोहनरावांकडे पंधरा वर्षांहून अधिक काळ रोहिणीताईंनी विद्या घेतली.

अमेरिकेतील टॅप नर्तक बुटाला धातूची पट्टी ठोकून लाकडी तक्त्यावर ताल वाजवितो. कथकात तेच काम अनवाणी तळपाय व घुंगरू करतात. 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' हे आठ बोल दोनदा म्हटले की त्रितालाच्या सोळा मात्रा पुऱ्या होतात. ऐकावयास सोपे; पण लय दुप्पट, चौपट झाली तरी प्रत्येक बोल पायातून स्वच्छ निघावा लागतो, आणि त्याला वर्षे लागतात. घराण्यातील मुलाच्या कानांवर हे बोल पाळण्यापासून पडत. पुण्याच्या शाळकरी मुलींना ते कोठून ऐकू येणार? म्हणून शिकविण्याची पद्धत नव्याने बसवावी लागली. आमच्या मते रोहिणीताईंचे खरे मोठेपण येथेच आहे. नंदिकेश्वरांच्या 'अभिनयदर्पणा'चा कथकाच्या अंगाने अभ्यास करून त्यांनी 'कथक दर्पण दीपिका' सिद्ध केली. इझाडोरा डंकन यांचे आत्मचरित्र मराठीत आणले. खैरागढ विद्यापीठाचा कथकाचा अभ्यासक्रम ठरविण्यातही त्यांचा वाटा होता.

१९७२ साली उत्तर प्रदेश शासनाने लखनौत कथक केंद्र उघडले आणि लच्छू महाराज त्याचे संचालक झाले. १९७९ साली रोहिणीताईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १० ऑक्टोबर २००८ रोजी त्या निवर्तल्या. 'नृत्यभारती'चे वर्ग त्यानंतरही त्यांच्या शिष्या चालवीत राहिल्या.