अलिबागची सहल ओहोटीच्या वेळेनुसार

मुंबईहून मार्गदर्शकासह एका दिवसात होणारी निसर्गरम्य सहल म्हणजे अलिबाग. गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने मांडवा आणि तेथून नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून बसने अलिबाग गाठता येते. पावसाळ्यात ही लाँचसेवा बंद असते.

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधण्यास घेतलेला कुलाबा किल्ला हे येथील मुख्य आकर्षण. पुढे तो कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे प्रमुख ठाणे होता. मात्र, किल्ल्यात पायी जाता येते ते केवळ ओहोटीतच. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. सुमारे सहा तासांनी ओहोटी. षष्ठीला भरती साडेचारला, तर ओहोटी पावणेअकराच्या सुमारास. पाणी चढण्यापूर्वी किनाऱ्यावर परतणे अत्यावश्यक असल्याने नावनोंदणीपूर्वी आयोजकांकडे त्या दिवसाच्या ओहोटीची चौकशी करावी.