संगणकाविना गृहसंगीत : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

अमेरिकेतील स्लिम डिव्हायसेस या कंपनीने २००१ मध्ये ‘स्लिमपी३’ हे नेटवर्कवरून संगीत वाजविणारे यंत्र आणले. गाणी पुरविणारा संगणक त्यासाठी सतत चालू ठेवावा लागे. पुढे कंपनीच्या इंटरनेट सेवेमुळे घरचा संगणक बंद ठेवून रेडिओ ऐकणे शक्य झाले. २००६ मध्ये लॉजिटेकने ही कंपनी विकत घेतली. २०१० च्या ‘स्क्वीझबॉक्स टच’मध्ये सर्व्हर यंत्रातच सामावला गेला. २०१२ मध्ये ही मालिका संपुष्टात आली व २०२४ मध्ये इंटरनेट सेवाही बंद झाली. मुक्त स्रोत असलेला सर्व्हर मात्र ‘लिरियन’ या नावाने टिकून राहिला. तात्पर्य, संगणक नाहीसा झाला नाही, त्याचे केवळ स्थलांतर झाले. आणि ते स्थान कोणाच्या ताब्यात आहे, यावर श्रोत्याचे स्वातंत्र्य अवलंबून राहिले.