देवयानीपासून सरस्वतीपर्यंत



उज्जैनची वेधशाळा सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधली. पुढे तिची पडझड झाली. १९२३ साली माधवराव शिंदे सरकारांनी तिचा जीर्णोद्धार करविला आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. सम्राट यंत्राच्या सावलीवर पुन्हा वेळ पाहता येऊ लागली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात, अमेरिकेतील माउंट विल्सनवर, एडविन हबल यांना देवयानीच्या धूसर ठिपक्यात एक रूपविकारी तारा सापडला. अशा ताऱ्याचे तेज किती दिवसांनी कमीजास्त होते यावरून त्याचे खरे तेज कळते आणि त्यावरून अंतर. ते आकाशगंगेच्या पार पलीकडचे निघाले. आजच्या मापाने सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे. देवयानी ही स्वतंत्र दीर्घिका ठरली.

सुरुवातीला या दीर्घिका म्हणजे सुटी बेटेच वाटत. मी पेशाने होमिओपॅथ. रोग्याची केस घेताना झोप, आहार, घर, आईवडील, सारे विचारतो. दीर्घिकांच्या अभ्यासकांनाही तसेच करावे लागले. अदृश्य द्रव्याच्या गुरुत्वाने विश्वात धाग्यांचे जाळे विणले गेले आहे. त्या धाग्यांतून वायू दीर्घिकेत येतो, त्यातून तारे जन्मतात. मोठ्या ताऱ्यांचे स्फोट त्यातला काही वायू पुन्हा बाहेर फेकतात. शेजारच्या लहान दीर्घिका मोठीत विलीन होतात. शेजार बदलला की प्रकृती बदलते.

याचा एक मोठा पुरावा आपल्या जुन्नर तालुक्यातून आला. खोडदच्या महादुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली ७,६५३ दीर्घिकांचे क्षीण संदेश एकत्र करून सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन मोजला. वायू भरपूर होता. पण तारे इतक्या वेगाने घडत होते की तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. पुरेसा नवा वायू येईना, आणि विश्वातील ताऱ्यांची निर्मिती ओसरली.

त्याआधी, २०१७ मध्ये, आयुकाचे जयदीप बागची, आयसरचे शिशिर सांख्यायन आणि सहकाऱ्यांनी मीन राशीच्या दिशेला, ४ अब्ज प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांच्या निदान ४३ समूहांचा एक महासमूह शोधला. त्यांनी त्याला नाव दिले सरस्वती. देवयानीला सुटे बेट समजणाऱ्यांपासून इथवर यायला शतकही पुरे लागले नाही.

प्राचीन ज्योतिषाची मध्यरेषा आपल्या गावातून जात असे, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेही. पण तो साठवणीतला वायू आहे. १९२३ साली आपट्यांनी नुसता अभिमान सांगितला नाही. यंत्रे दुरुस्त करवून पुन्हा आकाशाकडे लावली. आपल्या नातवंडांना वेधशाळेत नेताना यंत्रांची नावे सांगून थांबू नका. एकदा सावलीवरून वेळ त्यांनाच काढू द्या.