स्मृतिभ्रंश : काळजीवाहूलाही हवा विसावा

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घरी सांभाळणे ही चोवीस तासांची नोकरी आहे. तिला साप्ताहिक सुट्टी नाही आणि रजाही नाही. ही जबाबदारी बहुधा घरातील एकाच व्यक्तीवर, पत्नी, सून किंवा मुलीवर पडते. त्या व्यक्तीला काही तास वा काही दिवस मोकळे करणारी व्यवस्था म्हणजे 'रेस्पाइट केअर', अर्थात विसावा-सेवा. मावळ तालुक्यात या सेवेची गरज मोठी आहे, पण तिची ओळख अद्याप फारशी नाही.

हवा मानवते म्हणून निवृत्तीनंतर लोणावळा-खंडाळ्यात स्थायिक झालेली जोडपी एकीकडे, तर अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातील शेतकरी कुटुंबे दुसरीकडे. पहिल्यांची मुले पुण्या-मुंबईत वा परदेशी असतात. दुसऱ्यांची तळेगाव, चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जातात. दोन्ही घरांत रुग्णाजवळ उरणारे माणूस मात्र एकच.

आजाराची व्याप्ती

स्मृतिभ्रंश हे वार्धक्याचे साधे विसरभोळेपण नव्हे. मेंदूच्या आजारांमुळे स्मरण, भाषा, दिशाज्ञान आणि निर्णयशक्ती क्रमाने ढासळत जाते. अल्झायमर हे त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. याच पाहणीत हे प्रमाण शहरी भागात ५.३ टक्के, तर ग्रामीण भागात ८.४ टक्के आढळले. म्हणजे जिथे सोयी कमी, तिथेच रुग्ण अधिक.

रुग्ण रात्री-अपरात्री उठतो, तोच प्रश्न पुन:पुन्हा विचारतो, ओळखीच्या घरातून 'घरी जायचे' म्हणून निघतो. लोणावळ्यात पावसाळ्यातील धुके, लोहमार्ग आणि महामार्ग यांमुळे असे बाहेर पडणे जिवावर बेतू शकते. त्यामुळे सांभाळणाऱ्याची झोप सतत सावध राहते. पाठदुखी, रक्तदाब, चिडचिड आणि नैराश्य मागोमाग येतात. सांभाळणारा अंथरुणाला खिळला की रुग्णाचीही आबाळ होते.

सेवेचे प्रकार

पहिला प्रकार घरपोच मदतीचा. प्रशिक्षित मदतनीस काही तास घरी येते, परिसर बदलत नाही आणि रुग्ण गोंधळत नाही. सुरुवात येथूनच करावी. दुसरा प्रकार डे-केअरचा. रुग्ण सकाळी केंद्रात जातो, गाणी, हलका व्यायाम, रंगकाम यांत रमतो आणि संध्याकाळी घरी परततो. तिसरा प्रकार अल्पमुदतीच्या निवासाचा. काळजीवाहूची शस्त्रक्रिया, घरातील लग्नकार्य वा प्रवास अशा वेळी तो उपयोगी पडतो.

सोय मात्र स्थानिक कामाच्या वेळापत्रकाशी जुळायला हवी. लोणावळ्यात हॉटेल, चिक्कीची दुकाने आणि बंगल्यांची देखभाल यांवर पोट असणाऱ्यांना शनिवार-रविवारी उसंत नसते. सोमवार ते शुक्रवार चालणारे केंद्र त्यांच्या कामाचे नाही. भातलावणीच्या दिवसांत मावळातल्या सुनेला शेतात जावेच लागते, तेव्हा सलग दोन-तीन आठवड्यांची दिवसपाळी हवी असते.

गोव्याचा धडा

अशी मदत महागडीच असते, हा समज गोव्यातील प्रयोगाने खोडून काढला. 'संगाथ' संस्थेच्या पुढाकाराने डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी तेथे ८१ कुटुंबांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००८मध्ये प्रसिद्ध झाले. स्थानिक भाषा जाणणाऱ्या, जेमतेम उच्च माध्यमिक शिकलेल्या कार्यकर्त्यांना आठवडाभराचे प्रशिक्षण देऊन सहा महिने घरोघरी पाठवण्यात आले. त्यांनी कुटुंबीयांना आजार समजावला, रुग्णाच्या वागण्याला कसे तोंड द्यावे हे शिकवले आणि गरजेनुसार तज्ज्ञांशी गाठ घालून दिली. काळजीवाहूंच्या मानसिक स्वास्थ्यात लक्षणीय सुधारणा दिसली. हा प्रयोग प्रत्यक्ष विसाव्याचा नव्हता. मात्र कमी खर्चात गावातीलच माणसे तयार करता येतात, हे त्यातून दिसले.

मावळात आशा सेविका, बचतगट आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांचे जाळे आहेच. सहा कुटुंबांनी मिळून एक प्रशिक्षित मदतनीस नेमली आणि तिने आठवड्यातून एकेक दिवस प्रत्येकाकडे दिला, तर प्रत्येकाला पगाराचा सहावा हिस्साच उचलावा लागेल. विरंगुळा केंद्राची खोली दुपारी रिकामी असेल, तर डे-केअरचे भाडेही वाचते.

सोपवण्यापूर्वी

रुग्णाचे एकपानी माहितीपत्रक तयार ठेवावे. कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, औषधांच्या वेळा, गिळताना त्रास होतो का, शौचाच्या सवयी, कशाची भीती वाटते, कोणत्या गाण्याने मन शांत होते, हे सारे त्यात असावे. पहिल्यांदा दोन तास, मग अर्धा दिवस आणि त्यानंतर मुक्काम, अशी चढती सवय लावावी.

वृद्धाश्रमात चौकशी करताना तीन प्रश्न विचारावेत. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण घेता का? थोड्या दिवसांसाठी घेता का? रात्री जागे कोण असते? अनेक वृद्धाश्रम स्वत:चे स्वत: करू शकणाऱ्यांनाच प्रवेश देतात. दर ठरवताना डायपर, औषधे आणि अनामत रक्कम वेगळी आहे का, हे लेखी घ्यावे. रुग्णाचा गोंधळ अचानक वाढल्यास नव्या जागेला दोष न देता आधी डॉक्टरांना दाखवावे. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता वा औषधातील बदल हेही कारण असू शकते.

सरकारी मदत

केंद्राच्या 'अटल वयो अभ्युदय' योजनेत किमान २० गंभीर आजारी वा स्मृतिभ्रंशग्रस्त ज्येष्ठांच्या शुश्रूषागृहासाठी संस्थांना अनुदानाची तरतूद आहे. हा पैसा कुटुंबाला मिळत नाही, तो संस्थेलाच मागावा लागतो. सत्तरीपुढच्या सर्वांसाठी २०२४मध्ये खुली झालेली आयुष्मान भारत योजना रुग्णालयातील उपचारांचा भार उचलते. विसावा-सेवेचा खर्च तिच्यात बसत नाही. केरळात 'स्मृतिपथम्' उपक्रमाद्वारे राज्य सरकार आणि स्वयंसेवी संस्था यांनी एकत्र येऊन केंद्रे उभारली. महाराष्ट्रात त्याचे अनुकरण करता येण्यासारखे आहे.

अपराधी भावना

'आईला दुसऱ्याकडे टाकले' या शब्दांच्या धाकाने अनेक जण मदत मागत नाहीत. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृत पंडित हत्तीमागे भरकटत जातात. त्यांना थोड्या वेळासाठी गाडीत बसवून गेलेल्या मुलीची घालमेल अनेक घरांना आपली वाटली. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्याने त्यांना कायमचे वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा ठरवला आहे. परत आणण्याच्या बोलीवर, योग्य हातांत चार दिवस सोपवणे त्यात मोडत नाही.

मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्याची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकांवर उपलब्ध आहे. दुसऱ्या क्रमांकावर काळजीवाहूंनी स्वत:साठीही बोलावे.