एकाच दिवशीं झालेले तीन कार्डिनल

रविवारीं देवळाची घंटा वाजते, सणाला मिरवणूक उघड्या रस्त्यानें निघते, मुलें धर्मशिक्षणाला येतात. ह्यांत कांहीं विशेष आहे, असें दांडीच्या किनाऱ्यावर कोणास वाटत नाहीं. तें विशेष कसें आहे, हें दाखविणारी एक हकीकत आपल्याच ख्रिस्तसभेच्या इतिहासांत आहे.

ता. १२ जानेवारी १९५३ रोजीं पोप बारावे पायस ह्यांनीं २४ नवे कार्डिनल केले. त्यांत मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस हे पहिले भारतीय कार्डिनल होते. वसई धर्मप्रांत १९९८ सालीं निराळा झाला. तोंवर आपला हा किनारा मुंबईच्याच धर्मप्रांतांत होता. अर्थात् हा मान आपल्या वाडवडिलांच्या मेंढपाळाचा होता.

त्याच यादींतील दोघांस मात्र रोमला जातां आलें नाहीं. झाग्रेबचे आर्चबिशप स्टेपिनाक ह्यांस युगोस्लाव्हियाच्या कम्युनिस्ट सरकारनें १९४६ सालीं १६ वर्षांची शिक्षा ठोठावली होती. युद्धकाळांतील राजवटीशीं त्यांनीं सहकार्य केल्याचा आरोप होता. त्याविषयींचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. तुरुंगांतून काढून त्यांस क्राशिच गांवीं नजरकैदेंत ठेविलें होतें. तेथेंच १९६० सालीं ते प्रभुघरीं गेले.

दुसरे पोलंडचे विशिन्स्की. त्यांच्या देशांत देवळांस कुलपें लागलीं नव्हतीं. मिस्सा होत होती. परंतु फेब्रुवारी १९५३ मध्यें सरकारनें हुकूम काढला कीं, धर्माधिकाऱ्यांच्या नेमणुकांस सरकारची संमति पाहिजे. मेंढरें तुमचीं, पण मेंढपाळ आम्ही ठरवूं, असा त्याचा अर्थ. मे महिन्यांत बिशपांनीं ह्यास लेखी नकार दिला. सप्टेंबरांत विशिन्स्की ह्यांस अटक झाली, व तीन वर्षें ते बंदिवासांत राहिले.

इकडे भारताच्या राज्यघटनेनें २५ व्या कलमांत धर्म मानण्याचें, आचरण्याचें व प्रसारिण्याचें स्वातंत्र्य दिलें होतें. डिसेंबर १९६४ मध्यें मुंबईस युखॅरिस्त परिषद भरली, तेव्हां पोप सहावे पॉल स्वतः आले, आणि कार्डिनल ग्रेशस ह्यांनीं त्यांचें स्वागत केलें. दोनच वर्षांनीं पोलंडनें ख्रिस्ती झाल्याचा सहस्रवार्षिक उत्सव केला. ह्याच पोपमहाशयांस तेथें येऊं दिलें नाहीं. चेंस्तोखोव्हा येथें त्यांच्यासाठीं आसन मांडलें. तें रिकामेंच राहिलें, व त्यावर त्यांचें चित्र ठेविलें.

बंधूंनो, तें आसन सरकारनें रिकामें ठेविलें. आपल्या देवळांतील बांक रिकामा राहिला, तर दोष कोणास द्यावा? ज्युबिलीच्या दिवशीं हा प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारावा, आणि पुढल्या रविवारीं उत्तर पायांनीं द्यावें.