बर्फ पडणार का, हे सांगणार कोण?

डिसेंबर लागला की आपल्याकडे तालुक्याच्या गावातसुद्धा काश्मीर टूरचे फ्लेक्स लागतात. गुलमर्ग, गोंडोला, बर्फात स्कीइंग. बुकिंग करणाऱ्याचा प्रश्न एकच असतो, "बर्फ असेल ना हो?" आणि समोरून उत्तर ठरलेलं, "शंभर टक्के!"

हे शंभर टक्के कोण देतं? त्यात त्याचा काय फायदा असतो? बर्फाच्या अंदाजाचा इतिहास पाहिला तर हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. आणि हा इतिहास सुरू होतो आपल्या दुष्काळापासून.

1876 ते 78 च्या दुष्काळात दख्खन होरपळून निघालं. हवामान खातं नुकतंच, 1875 साली, सुरू झालं होतं आणि त्याचे प्रमुख होते हेन्री ब्लॅनफर्ड. पाऊस आधी सांगता येईल का, असं सरकारने त्यांना विचारलं. ब्लॅनफर्ड यांनी उत्तर शोधलं हिमालयात. हिवाळ्यात आणि वसंतात तिथे बर्फ जास्त पडला, उशिरापर्यंत टिकला, तर तिकडून कोरडे वारे वाहतात आणि मान्सून कमजोर पडतो, असं त्यांनी 1884 मध्ये मांडलं. आधी काही वर्षं चाचणी झाली आणि 4 जून 1886 पासून मान्सूनचे नियमित अंदाज सुरू झाले. म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या पावसाचा पहिला अधिकृत अंदाज हिमालयातल्या बर्फावर उभा होता.

पुढे जॉन एलियट आले. 1899 मध्ये चांगल्या पावसाचा अंदाज दिला गेला आणि पडला भीषण दुष्काळ. वर्तमानपत्रांनी झोडपून काढलं. मग सरकारने काय केलं? 1902 ते 1905 या काळात अंदाज गोपनीय ठेवले. ते अधिकाऱ्यांना मिळत, पण ज्याचं पीक पावसावर होतं त्याला नाही. अंदाज चुकणं समजू शकतं. टीका नको म्हणून तो दडवणं हा वेगळा प्रकार झाला.

1904 मध्ये खात्याची सूत्रं गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. त्यांनी जगभरच्या नोंदी गोळा करून गणिती पद्धत बसवली. त्यात हिमालयातलं बर्फ हा अनेक घटकांपैकी एक घटक झाला. खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं. पुण्यातल्या ज्या चौकाला, बस स्टॉपला लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, त्या नावामागे ही कथा आहे.

आता दुसरी बाजू बघा. अंदाज दडवणारं सरकार होतं, तसे आकडे फुगवणारे व्यापारीही असतात. जोनाथन झिनमन आणि एरिक झिट्झविट्झ या दोन अर्थतज्ज्ञांनी स्की रिसॉर्टांनी स्वतः जाहीर केलेले ताज्या बर्फाचे आकडे तपासले. शनिवार-रविवारी हे आकडे 10 ते 23 टक्क्यांनी जास्त निघाले. सरकारी नोंदीत असा फरक कुठेच नव्हता. ढगाला थोडंच ठाऊक असतं की उद्या सुट्टी आहे? पुढे आयफोनवरच्या एका ॲपमुळे स्कीइंग करणारे लोकच डोंगरावरून खरी परिस्थिती कळवू लागले. लगेच ही फुगवाफुगवी झपाट्याने कमी झाली. जिथे फोनला रेंज चांगली, तिथे जास्तच.

लक्षात घ्या, हे उद्याचे अंदाज नव्हते. काल किती बर्फ पडलं याचं मोजमाप होतं. फूटपट्टी रोवून बघायची गोष्ट!

आता गुलमर्ग. हिवाळ्यात तिथे बर्फ आणतो तो पश्चिमी चक्रावात. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान ओलांडत तो काश्मीरला पोचतो. तो येतोय हे काही दिवस आधी कळतं. अवघड असतं ते पुढचं. गुलमर्ग गाव सुमारे 2,650 मीटरवर आहे आणि गोंडोलाचा वरचा टप्पा सुमारे 3,950 मीटरवर. हवा दोन-तीन अंश उबदार राहिली तर वर अफरवटवर बर्फ आणि खाली गावात पाऊस, असं एकाच वादळात होतं. वारा जोराचा असला तर पडलेलं बर्फ एका उतारावरून उडून दुसऱ्यावर साठतं. म्हणून 'गुलमर्गला बर्फवृष्टी' एवढ्या ओळीवरून स्कीइंग करता येईल की नाही, हे ठरत नाही.

चक्रावात आलाच नाही तर? 2024 च्या जानेवारीत महिनाअखेरपर्यंत गुलमर्गचे उतार उघडे होते. फेब्रुवारी 2025 मध्ये पुरेसं बर्फ नाही म्हणून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या, त्या मार्चमध्ये झाल्या. स्पर्धा पुढे ढकलता येते. स्लेजवाला, घोडेवाला, भाड्याने बूट देणारा यांचं वर्षाचं गणित दोन महिन्यांवर असतं, ते कसं ढकलणार?

आणि बर्फ भरपूर पडलं की दुसरंच संकट. 8 फेब्रुवारी 2010 रोजी खिलनमर्गला हिमस्खलनात लष्कराचे 17 जवान गेले. 1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवटवर दोन पोलिश स्कीअर गेले. 22 फेब्रुवारी 2024 रोजी एक रशियन स्कीअर. शेवटची घटना बघा. जानेवारीभर बर्फासाठी डोळे लावून बसले होते, आणि बर्फ आल्यावर महिन्याच्या आत जीव गेला.

हिमस्खलनाच्या अभ्यासासाठी मनालीत 1969 मध्ये संरक्षण खात्याची संस्था उभी राहिली. सीमेवरच्या जवानांसाठी ती गरज होती. आज हिमस्खलनाचे इशारे जिल्हावार जाहीर होतात. पण उतरणारा माणूस जिल्ह्यावरून उतरत नाही, एका विशिष्ट उतारावरून उतरतो. त्याला त्याच उताराची, त्याच सकाळची माहिती लागते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. अंदाज चुकेल, त्याला इलाज नाही. पण मोजमाप उघडं असावं. गुलमर्गसारख्या प्रत्येक ठिकाणी खाली, मध्ये आणि वर अशा तीन जागी बर्फाची पट्टी असावी, तिच्यावर कॅमेरा असावा आणि चित्र कुणालाही मोबाइलवर दिसावं. शेजारीच त्या दिवशीचा हिमस्खलनाचा धोका लिहिलेला असावा. नोंद ठेवणारा माणूस तिकीट विकणाऱ्याच्या पगारावर नसावा. अशाने स्लेजवाल्याचं नुकसान होणार नाही. एकदा फसलेला पर्यटक परत येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळतं?

तोवर टूरवाला "शंभर टक्के" म्हणाला की त्याला एकच विचारा, "काल किती पडलं, आणि मोजलं कुणी?"