तोल, कॅल्शियम आणि प्रतिजैविके

1952 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका डॉक्टरने केवळ आद्याक्षरांनिशी आपली हकीकत छापली. स्ट्रेप्टोमायसिनने त्याची तोल सांभाळणारी यंत्रणा निकामी केली होती. अंथरुणात पडून वाचायचे तर पलंगाच्या उशाकडच्या दोन गजांत डोके घट्ट अडकवावे लागे. एरवी नाडीच्या ठोक्यासरशी अक्षरे हलत. या विषयात नव्याने येणाऱ्याने पाठ्यपुस्तकाआधी ही हकीकत वाचावी.

हे औषध घात करते ते अंतर्कर्णातल्या केशपेशींवर. डोके वळले की या पेशींवरचे सूक्ष्म केस कलतात, केसांच्या टोकांशी असलेल्या वाहिन्या उघडतात आणि पोटॅशियमबरोबर थोडे कॅल्शियम आत शिरते. विद्युतदाब बदलतो, मग तळाकडच्या कॅल्शियमच्या वेगळ्या वाहिन्या उघडतात, ग्लुटामेट बाहेर पडते आणि मेंदूला खबर जाते. इथवर सगळे सरळ आहे. खरी गंमत उलट्या वाटेने येणाऱ्या चेतातंतूंची. ते यांतल्या काही पेशींवर असिटिलकोलीन सोडतात. त्यानेही कॅल्शियम आतच येते. पण ते शेजारची पोटॅशियमची वाहिनी उघडते, पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशी गप्प होते! तेव्हा कॅल्शियम किती वाढले यापेक्षा ते कुठे वाढले, हे पाहणे महत्त्वाचे. 1985 मध्ये फ्युरा-2 हे कॅल्शियम दाखवणारे रंगद्रव्य हाती आले आणि जिवंत पेशीत हे पाहणे पुष्कळ सोपे झाले.

प्रतिजैविकांचे वागणेही असेच दुटप्पी. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन केसांच्या टोकांवरची वाहिनी आधी अडवतात, म्हणजे कॅल्शियमला मज्जाव करतात. आणि तिच्यातूनच हळूहळू आत घुसतात. त्यानंतर चित्र पालटते. झेब्राफिशच्या अंगावरच्या केशपेशींना निओमायसिन दिले, तेव्हा मरण्यापूर्वी त्यांच्या मायटोकॉन्ड्रियात कॅल्शियम वाढलेले दिसले. पक्ष्यांत मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या उगवतात. माणसाच्या नशिबी ते जवळजवळ नाहीच.

म्हणून ‘या औषधाने कॅल्शियम घटते’ किंवा ‘वाढते’ अशा एका ओळीच्या निष्कर्षावर भिस्त ठेवू नका. पेशी कोणत्या प्राण्याची, मात्रा किती आणि मोजमाप काही सेकंदांनी घेतले की काही तासांनी, हे आधी विचारा. मगच आलेखाकडे वळा.